समृद्धीची पिशवी

विचुंबे, नवीन पनवेल
१६ नोव्हेंबर २००३

ती. काका आणि ती. काकी यांस,
पद्मजाचा सा. नमस्कार.

दिवाळीत मोऱ्याला यायचं पक्कं केलं होतं, पण जमलं नाही. प्रितेशबरोबर पाठवलेला फराळाचा डबा मिळाला असेल. काका, लाँचच्या इंजिनाने तुमचे कान घेतले, त्यामुळे फोनचा उपयोग नाही, म्हणून हे लिहिते आहे. एक विनंती. हे पत्र काकींना वाचून दाखवाल तेव्हा ओटीवर बसू नका. तुम्ही वाचता ते निम्म्या कोळीवाड्याला ऐकू जातं.

समृद्धीला गणपतीनंतर पाळी सुरू झाली. तेरावं लागलंय, म्हणजे वेळेवरच. मान धरणं, चालणं, बोलणं, सगळं तिचं उशिरा झालं. नेमकं हे वेळेवर. तिला रक्ताची भीती वाटत नाही. ती ते दाखवायला जाते. पहिल्या महिन्यात जिन्यात उतरून समोरच्या बिऱ्हाडातल्या आजोबांना दाखवून आली. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.

तिची मतिमंद मुलांची शाळा त्या दिवसांत तिला घरी ठेवायला सांगते. मी दर महिन्याला माझ्या शाळेत किती रजा मागू? सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. त्या तिच्यामागे धावू शकत नाहीत. प्रितेश पहाटे निघतात, अंधार पडल्यावर येतात. शेवटी आम्ही कर्जतकडची एक निवासी शाळा बघून आलो. जागा चांगली आहे, झाडं आहेत. तिथले व्यवस्थापक म्हणाले, वयात आलेल्या मुली आम्ही घेतो, पण आधी पिशवी काढलेली पाहिजे.

पनवेलच्या एका डॉक्टरांना भेटलो. शांत माणूस आहे. म्हणाले, सोपं ऑपरेशन आहे. हिला त्या पिशवीचा काय उपयोग? उद्या काही भलतंसलतं झालं तर तुम्हीच अडचणीत याल, आणि अशांची पुढची पिढी जन्माला येऊ नये यात तिचंही भलं आणि समाजाचंही. प्रितेश तयार आहेत. मीही आहे. १९ डिसेंबर ठरली आहे.

बाबा असते तर त्यांना बसवलं असतं. आता माहेरचं वडील माणूस म्हणजे तुम्हीच. तुम्ही फक्त येऊन बाहेरच्या बाकावर बसा. मला तेवढं पुरे.

तुमची,
पद्मजा

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥
मोरा, ता. उरण
२५/११/२००३

चि. सौ. पद्मजा हिस काशिराम काकाचे आशीर्वाद.

तुजं पत्र होडीत बसून वाचलं, ओटीवर नाय. गंगानं ऐकून घेतलं आनि जाळ्यावरचा हात थांबवला. फराळ मिळाला. चकली चांगली झाली व्हती.

तू शिकलेली, मास्तरीन हायस. मी सातवी. पन मला ह्ये बरोबर वाटत नाय. देवानं शरीरात जे घातलंय ते कशाला घातलंय ते देवाला म्हाईत. पोर शानी नाय म्हनून तिच्या आतलं काडून टाकायचं, ह्ये आपल्या घरात नको. घाई करू नको. पुडच्या वर्षी बघ. पोर मोटी व्हईल तशी सुदरंल.

मी हॉस्पिटलात येनार नाय. राग धरू नको. मी तसल्या जागी जात नाय, तुजा बापूस गेला तवा पन बाहेर रस्त्यावर उभा व्हतो, तुला आठवत आसंल.

जावयाबरोबर सुकट पाठवतो. पोरीला वास आवडतो.

काशिराम काका

विचुंबे
४ डिसेंबर २००३

ती. काकांस सा. न.

तुमचं पत्र पोचलं. मला राग आलेला नाही. राग यायला ताकद लागते.

‘पुढच्या वर्षी बघ’ हे मी तिच्या जन्मापासून ऐकते आहे. पुढच्या वर्षी बोलेल, पुढच्या वर्षी तिचं ती जेवेल. ती सुधारणार नाही, काका. तो आजार नव्हे, की उतरेल. तिच्या प्रत्येक पेशीत एक गुणसूत्र जास्तीचं आहे, आणि ते तिथे राहणार.

देवाने दिलेलं म्हणता. देवाने दिलेलं धुतं कोण? सकाळी उठल्यावर चादर, मग ती, मग फरशी, मग पुन्हा ती, कारण तोवर तिने बांधलेलं सोडून टाकलेलं असतं. मग पदर खोचून मी शाळेत जाते आणि दहावीला आनुवंशिकता शिकवते. उंच वाटाणा, ठेंगणा वाटाणा. त्या धड्यापुढची, पुस्तकात नसलेली गोष्ट आम्हाला बी.एस्सी.ला एका बाईंनी सांगितली होती. सुप्रजननशास्त्र. गुरांची पैदास सुधारतात तशी माणसाची सुधारायची. अमेरिकेत त्याचे कायदे झाले, मंदबुद्धी ठरवलेल्या बायकांची ऑपरेशनं कोर्टाने मंजूर केली. जर्मनीत आधी ऑपरेशनं केली आणि पुढे तशी मुलं मारलीच. शिकलेल्या, सभ्य लोकांनी, देशाच्या भल्यासाठी. त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. परवा डॉक्टर बोलत होते तेव्हा मला कळत होतं की हे वाक्य कुठून आलं आहे. तरी मी मान हलवली. इतकी थकले आहे मी.

आणि माझी खरी भीती रक्ताची नाही. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावर रंगारी काम करत होते. ही त्यांच्यात जाऊन बसली होती, हसत. ते भले होते. त्यांनी हिला हाताला धरून खाली आणून सोडलं. दर वेळी भलेच असतील? मी मेल्यावरही भलेच असतील?

तुम्हाला वंशाचं वाईट वाटत असावं. बाबांना मी एकटी, मला ही एकटी, आणि तुम्हाला मूल नाही. ज्यांना झालं नाही त्यांना पिशवी फार मोठी वाटते, काका. ज्यांना झालंय त्यांना विचारा.

एकोणीसला ऑपरेशन होईल. तुम्ही नाही आलात तरी होईल. नको म्हणणारी माणसं पुष्कळ आहेत. धुवायला कोण येतं?

पद्मजा

मोरा
८/१२/२००३

चि. पद्मजा,

धुवायला गंगा येते. बुधवारी दुपारच्या एस.टी.नं पनवेलला उतरंल. तिच्या मासळीच्या पाट्या शेजारच्या सुमतीकडं दिल्यात. स्टँडावर कुनीतरी घ्यायला ये. लिफ्टची तिला भीती हाय, जिन्यानं ने.

मी नाय येत.

काका

विचुंबे
८ जानेवारी २००४

ती. काकांस पद्मजाचा सा. नमस्कार.

काल काकींना उरणच्या गाडीत बसवून दिलं. त्या सुखरूप पोचल्या असतील. इतके दिवस तुम्ही हातानं करून खाल्लंत, सुमतीताईंनी कालवण दिलं असेल तर बरं.

काकींनी इथे काय केलं ते त्या सांगणार नाहीत, म्हणून मी लिहिते. आल्या दिवशी त्यांनी पलंग नाकारला आणि समृद्धीशेजारी खाली गोधडी टाकली. तिची पाळी आली तेव्हा मी ओरडणार होते, नेहमीसारखी. काकींनी मला स्वयंपाकघरात पाठवलं. नंतर बघितलं तर दोघी मोरीत बसल्या होत्या. काकींनी आपल्या जुन्या मऊ लुगड्याचे तुकडे आणले होते. दुकानातलं पॅड तिला टोचत होतं, म्हणून ती ते ओढून काढत होती. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तिला इतकी वर्षं पुसते आहे, पण तिला काय टोचतं ते बघितलं नव्हतं.

मग रोज तेच. आधी दार लावायचं, मग सोडायचं, मग पाणी, मग नवीन. काकी प्रत्येक वेळी त्याच क्रमाने, त्याच आवाजात. चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. समृद्धीला पाण्यात हात घालायला आवडतं, म्हणून कापड धुवायचं काम तिचंच. ती ते इतका वेळ धुते की पाणी संपतं. अजून निम्म्या वेळा चुकते. जिन्यात मात्र गेली नाही. ‘दार’ एवढा शब्द ती आता स्वतः म्हणते आणि कडी लावते.

तरीही १९ तारीख मी रद्द केली नव्हती. सतरा तारखेला दुपारी मी हॉस्पिटलची बॅग भरत होते. काकी जवळ बसून तिचे परकर घडी करत होत्या. मी त्यांना म्हटलं, तुम्ही कायमच्या थोड्याच राहणार आहात. त्या म्हणाल्या, नाय राहनार. आणि मग घड्या घालता घालताच त्यांनी मला ते सांगितलं.

शहात्तर साली लाँचवरच्या माणसांना सांगितलं गेलं की नसबंदीचा दाखला नसेल तर पुढचं लायसन नाही. तुमचं लग्न होऊन दुसरं वर्ष होतं. एका शाळेतली बाकं बाजूला करून शिबिर लावलं होतं. तुम्ही म्हणालात, मला अजून पोर नाही. त्यांनी कागदावर दोन लिहिली आणि तुम्हाला आत घेतलं. तुम्ही ताप घेऊन घरी आलात, हातात बक्षिसाचा तुपाचा डबा. काकींनी तो डबा खाडीत टाकला.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. सासूनं नवस केले. मी उपास केले. गाव बोललं, गंगा वांझ हाय.”

“तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“त्यांचं नाव गेलं असतं तर ते लाँचीवर उभे राहिले नसते. बाप्यांच्यात हसं झालं असतं. मला काय, मी पाटी घेऊन निघून जायची.” त्या परकराच्या नाड्या नीट करत राहिल्या. मग म्हणाल्या, “माजी पिशवी अजून आत हाय. कुनी काडली नाय. पन काडल्यासारकीच.”

काका, मी तुम्हाला चार डिसेंबरला, ज्यांना मूल झालं नाही त्यांच्याबद्दल, जे लिहिलं ते वाक्य तुम्ही काकींना वाचून दाखवलं नव्हतंत. मीच बोलून गेले तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि विषय बदलला. मला क्षमा करा म्हणणं फार लहान आहे, तरी म्हणते.

पण त्यांनी तुमची गोष्ट मला रडवायला सांगितली नव्हती. त्यांना दुसरंच सांगायचं होतं. मी रंगाऱ्यांचं बोलले, माझी भीती सांगितली. त्या म्हणाल्या, “पिशवी काडलीस तर पोट येनार नाय. पन मानूस येनार नाय, ह्ये कुनी सांगितलं? पोट आलं तर निदान तुला कळंल. नायतर तेबी कळनार नाय. येनाऱ्याला सोपं.”

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी नाही, त्या कर्जतच्या व्यवस्थापकांनी तर नाहीच. ते ही अट घालतात ती कोणाच्या सोयीसाठी, हा विचार माझ्या मनात आला आणि मी बॅग तशीच उघडी ठेवून बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी फोन करून तारीख पुढे ढकलली. जानेवारीअखेरची घेतली आहे. रद्द केलेली नाही. प्रितेश दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. ते म्हणतात, काकी निघून जातील, मग? आणि काकी आता गेल्याच आहेत.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. देवाचं सोडून.

तुमची,
पद्मजा

मोरा
१५/१/२००४

चि. सौ. पद्मजा हिस आशीर्वाद.

गंगानं सांगितलं ते मला आवडलं नाय. ती आल्यावर दोन दिस मी घरात बोललो नाय. मग तिनं ताट वाडलं आनि मी जेवलो. आता लिवतो.

त्या दिशी मला नाव इचारलं, बापाचं नाव इचारलं, गाव, वय, लाँचीचं नाव. दमा हाय का, तंबाकू खातोस का. सगळं इचारलं. ह्ये करू का, तेवढं इचारलं नाय. डॉक्टर वाईट नव्हता. पोरगेला व्हता, त्येचे डोळे लाल झाले व्हते, सकाळपासून तेच करत व्हता बिचारा. हळू हातानं केलं. बोलला, देशासाठी हाय, घाबरू नका. मी मान हलवली. मान हलवली म्हंजे हो झालं का, ह्ये मला अजून कळलं नाय. तू पन डॉक्टरपुडं मान हलवलीस असं लिवलंस, तवा मला ते आठवलं.

मी तुला नको बोललो ते देवासाठी नाय. देवाचं नाव फुकट घेतलं. वंशासाठी पन नाय. आमचा वंश खाडीला मिळाला त्येला लय वर्सं झाली, त्येचं आता काय वाटत नाय. खोटं कशाला, कदी कदी वाटतं. शिमग्याला पोरं नाचतात तवा वाटतं.

तू माज्यासाठी ऑपरेशन थांबवू नको. मी काय रोज येऊन बघनार नाय, गंगा पन म्हातारी व्हनार. तू दमलीस ह्ये मला कळतं. पन एक कर. पोरीला इचार. तू बोलशील तिला कळत नाय. अगं, मला सगळं कळत व्हतं, तरी कुठं इचारलं? मग कळन्याचा आनि इचारन्याचा संबंद काय?

ती जे बोलंल ते करच, असं मी बोलत नाय. पन इचार.

काशिराम काका

विचुंबे
३ फेब्रुवारी २००४

ती. काका व काकी यांस सा. न.

विचारलं. आधी कितीतरी दिवस कसं विचारायचं तेच कळेना. बी.एड.ला आम्हाला मुलांना प्रश्न कसे विचारावेत हे शिकवलं, पण ते ज्यांची उत्तरं आपल्याला माहीत असतात ते प्रश्न.

पंचवीस तारखेला, रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिला पलंगावर समोर बसवलं. प्रितेशनाही बसवलं. ते पेपर घेऊन बसले, पण पान उलटत नव्हते. मी तिला सांगितलं, पोटातून रक्त येतं ना, ते पोटातल्या एका पिशवीतून येतं. डॉक्टर पोट उघडतील आणि पिशवी काढून टाकतील. मग रक्त येणार नाही. कधीच नाही. करायचं का?

तिने फ्रॉक वर करून पोटाकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, विसरली.

“सुरीनं?”

“हो. तुला झोपवून.”

“दुखेल?”

काका, तिच्या प्रत्येक इंजेक्शनच्या वेळी मी तिला ‘नाही, मुंगी चावेल’ असं सांगत आले आहे. तेच तोंडात आलं होतं. गिळलं.

“हो. नंतर दुखेल.”

“मग नको.”

फ्रॉक खाली केला आणि उठून गॅलरीत गेली. तिच्या दृष्टीने विषय संपला.

प्रितेश म्हणाले, हे काय उत्तर झालं? दात काढायचा होता तेव्हाही ती नकोच म्हणाली होती, तेव्हा आपण ऐकलं का? मी म्हटलं, तुमचं बरोबर आहे. आणि खरंच बरोबर आहे. तिने हक्काचं वगैरे काही म्हटलं नाही. दुखेल म्हणून नको, एवढंच. पण मला कोणी असं विचारलं असतं तर मीही दुसरं काय म्हणाले असते?

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, कर्जतच्या शाळेचंही सांगितलं, झाडं आहेत, झोपाळा आहे. म्हणाली, “आई येते?” मी म्हटलं, नाही, आई रविवारी येईल. “नको.” मग बाळाचंही सांगितलं, त्या पिशवीत बाळ येतं म्हणून. तिने तोंड वाकडं केलं. “बाळ रडतं.” म्हणजे तिला बाळही नको आणि ऑपरेशनही नको. यात वेडेपणा शोधत मी बराच वेळ बसले. सापडला नाही.

डॉक्टरांना मी स्वतः जाऊन नाही म्हटलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, तुम्ही विज्ञान शिकवता, तुमच्याकडून ही भावनेच्या आहारी जाण्याची अपेक्षा नव्हती. मी म्हटलं, डॉक्टर, तिने नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी सासूबाईंबद्दल बोलते आहे. कोण नाही म्हणालं, असं त्यांनी विचारलं. मी मुलीचं नाव सांगितलं तेव्हा त्यांनी केसपेपर बाजूला सारला आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

कर्जतची जागा गेली. प्रितेश म्हणतात, ठीक आहे, पण तुझ्याने हे किती दिवस होईल? मी वर्गशिक्षिकेचं काम सोडलं, सकाळचे तास मागून घेतले. दुपारी मी घरी असते. सासूबाईंनी एवढंच म्हटलं, “बघ बाई, तुझी तू.” पण काल समृद्धी मोरीत होती तेव्हा त्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या होत्या, कोणी येऊ नये म्हणून.

फार मोठं काही केलं असं वाटत नाही. हलकं तर अजिबात वाटत नाही. परवा तिने पुन्हा सगळं सोडून टाकलं आणि मी तिला चापट मारली. मग दोघी रडलो. काकींना जमेल तेव्हा चार दिवस पाठवाल का? मला झोप हवी आहे.

तुमची,
पद्मजा

विचुंबे
२२ जुलै २०१२

ती. काका आणि ती. काकी यांस,
पद्मजाचा सा. नमस्कार.

खूप दिवसांनी लिहिते आहे. सुमतीताईंच्या मोबाइलवर निरोप देते तो तुमच्यापर्यंत पोचतो का, कळत नाही. काकींचे पाय कसे आहेत? त्यांना जिना चढवत नाही हे कळल्यापासून समृद्धी रोज विचारते, आणि मी रोज सांगते, आपण जाऊ.

ती एकवीस वर्षांची झाली. तिचं ती बघते, बहुतेक वेळा. मधे एक वर्ष फार वाईट गेलं, शिकवलेलं सगळं ती विसरली होती, ते तुम्हाला माहीत आहे. त्या वर्षी मी ‘तेव्हा सही केली असती तर’ असं मनात म्हटलं आहे, एकदा नाही, पुष्कळदा. प्रितेशनी मात्र कधी म्हटलं नाही. ते माणूस म्हणून माझ्यापेक्षा बरे आहेत असं मला अलीकडे वाटतं.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. आमच्या शाळेत मनस्वी नावाची तरुण शिक्षिका आहे. मध्यंतरी तिला दिवस गेले. रक्ताच्या तपासणीत काही आलं म्हणून गर्भजल तपासलं, आणि त्यात निघालं की बाळ समृद्धीसारखं आहे. कायद्याने मुदत असते, तिच्या आत ठरवायचं होतं. घरचे म्हणत होते, काढून टाक, दुसरं होईल. डॉक्टर म्हणत होते, निर्णय तुमचा. तिला कोणीही जबरदस्ती केलेली नाही. सगळे तिला विचारत होते, काका. दिवसातून दहा वेळा विचारत होते. आणि विचारता विचारता सगळ्यांचे डोळे काय सांगत होते तेही तिला दिसत होतं. स्टाफरूममध्ये माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर?”

मी तिच्या जागी होते तेव्हा ही तपासणी मला कोणी सांगितलीच नव्हती. सांगितली असती तर मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. समृद्धी घरात असताना ते मी कागदावर लिहिणार नाही. तिला वाचता येत नाही, तरी.

मी मनस्वीला म्हटलं, रविवारी जेवायला ये. मला तिला काही पटवायचं नव्हतं. आपण बोलतो त्यापेक्षा बघितलेलं बरं, एवढंच.

ती आली तो समृद्धीचा वाईट दिवस होता. मी तारीख बदलली नाही. समृद्धीने दार उघडलं, तिची पर्स हातातून घेतली आणि आत लपवून ठेवली. जेवताना तिला भात गरम लागला म्हणून ताट ढकललं, आमटी मनस्वीच्या साडीवर गेली. मग स्वतःच फडकं आणून तिची साडी पुसत बसली, इतकी जोरात की मनस्वीला मागे सरकावं लागलं. मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. ओळख ना पाळख. मनस्वी हलली नाही. तिचा पाय बधिर झाला असेल, पण ती तशीच बसून राहिली आणि समृद्धीच्या केसांकडे बघत राहिली. मी भांडी घासली, ओटा पुसला.

निघताना तिने दोनच गोष्टी विचारल्या. एक, तुमच्यानंतर हिचं काय? मी म्हटलं, माहीत नाही. दुसरी, मी काहीही ठरवलं तरी तुम्ही मला दोष देणार नाही ना?

मी म्हटलं, “तू काय ठरवलंस ते मला सांगूच नकोस.”

ती जिन्यातच रडली. मी तिच्याजवळ उभी राहिले, पण तिला जवळ घेतलं नाही. जवळ घेतलं असतं तर त्यातूनही मी काहीतरी सांगितलं असतं, असं मला वाटलं.

त्यानंतर ती काही दिवस रजेवर होती. आता पुन्हा येते आहे. हजेरीची सही करते, वर्गावर जाते. मी तिच्या चेहऱ्याकडे बघते, खाली पोटाकडे बघत नाही. दुपारचे तिचे तास सध्या मी घेते. ती फार थकलेली दिसते, आणि थकलेल्या माणसाने बसावं, एवढं मला कळतं. बाकी मी तिला काही विचारलेलं नाही.

तुमची,
पद्मजा